टाकी भरली, हव कोण म्हणन?

मले लिहायले लावलं म्हणून लिहून राहिलो, नाही तर या वयात हे धंदे मी केले नसते. चौथी पास माणूस मी. सही सोडून काही लिहायची सवय नाही, आणि ती सहीही दर वर्षी थोडी वेगळी येते. पण आमची भावना म्हणाली, "बाबा, कॉलेजच्या पुस्तिकेत ही गोष्ट पाहिजेच, आणि तुम्हीच लिहायची." काहून पाहिजे ते शेवटी येईल. ते वाचून तुम्ही हसाल हे मले माहीत आहे. हसा. मी काय तुमचं तोंड धरायले येणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यातला गुलाबराव म्हणजे मीच. पण 'मी चुकलो, माझ्यामुळे जिन्यावरून पाणी वाहिलं' असं लिहायले हात वळत नाही. 'गुलाबराव चुकला' म्हटलं की दुसऱ्याच्या घरचं वाटते, आणि दुसऱ्याच्या घरचं कसं सुखानं सांगता येते.

तर हा गुलाबराव रेल्वेत चौतीस वर्षं शंटिंग जमादार होता. यार्डातले डबे एका लाइनवरून उचलायचे, दुसऱ्या लाइनवर ठेवायचे, जोडायचे, काटायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. घर तात्यापारा मोहल्ल्यात, दोन मजल्यांचं. वरच्या मजल्यावर गुलाबराव, त्याची बायको सत्यभामा आणि मुलगी भावना. भावना एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटर शिकवते. पाच वर्षांपासून कॉन्ट्रॅक्टवर, म्हणजे दर जूनमधे घरात सुतक असल्यासारखं वातावरण.

खालच्या मजल्यावर श्यामराव. तोही रेल्वेचाच, झंडीवाला. घर दोघांनी मिळून बांधलं तेव्हा एका ताटात जेवत होते. मग झंडीचं प्रकरण झालं.

त्याचं असं, की वळणावर ड्रायव्हरले जमादार दिसत नाही. म्हणून मधे झंडीवाला उभा असतो. जमादारानं हात केला की झंडीवाला हिरवी दाखवतो आणि ड्रायव्हर गाडी हलवतो. एका दुपारी गुलाबराव दोन डब्यांच्या मधे असताना श्यामरावनं हिरवी दाखवली. डबे हलले. गुलाबराव उडी मारून वाचला, पण त्याचा जेवणाचा डबा बफरवर, म्हणजे दोन डबे एकमेकांले टेकतात तिथं, ठेवलेला होता, त्याची चपाती झाली. वर चार्जशीट गुलाबरावलेच! चौकशीत श्यामराव म्हणाला, "यानं हात वर केला होता." गुलाबराव म्हणाला, "नव्हता केला." तेव्हा भावना पाळण्यात होती. आता ती एकोणतीस वर्षांची आहे, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. भांडण झालं म्हणून वरचा मजला उचलून दुसऱ्या लाइनवर ठेवता येत नाही, नाही तर गुलाबरावनं तेही केलं असतं.

पण बोअरची मोटर दोघांत एक. मोटर आणि मेन स्विच खाली, श्यामरावच्या ग्रिलच्या आत. टाकी वर गच्चीवर. टाकी भरली की गुलाबराव वरून पाइपवर पाना मारायचा, टण! खालून श्यामराव उत्तर द्यायचा, टण टण! म्हणजे 'हव, ऐकलं.' मग मोटर बंद. एकोणतीस वर्षांत एकमेकांशी एक शब्द नाही, आणि टाकी एक दिवस सांडली नाही. भांडण भांडणाच्या जागी, सिग्नल सिग्नलच्या जागी. (आजकालच्या लोकांत ही शिस्त नाही. ते भांडतातही मोबाइलवर.)

आता मूळ गोष्ट. एक दिवस भावना जेवायच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन आईजवळ रडगाणं गाऊन राहिली होती.

"आई, या चिपच्या पोटात फक्त सोळा खण आहेत. एका खणातलं उचलायचं, दुसऱ्यात ठेवायचं, जोडायचं, नाही तर वजा करायचं. एका वेळी एकच काम, बस. पण पोट्टे इंग्रजी शब्द पाहूनच घाबरतात. म्हणून मी आपल्या बोलीत एक छोटी भाषा बनवून राहिली, एकदम मशीनच्या जवळची."

सत्यभामा मेथी निवडून राहिली होती. ती म्हणाली, "हव." (सत्यभामेचं हव म्हणजे ऐकलं नाही.)

गुलाबरावनं पेपरातून डोकं काढलं. "सोळा खण कायचे? सोळा लाइनचं यार्ड हाय ते. तीन नंबरवरून उचल, सात नंबरवर ठेव. यात रडण्यासारखं काय हाय?"

भावना त्याच्याकडं पाहतच राहिली. मग तिनं वही काढली. गुलाबरावनं तिथंच गप्प बसायले पाहिजे होतं. पण चौतीस वर्षांत त्याले कोणी वही काढून काही विचारलं नव्हतं. त्यानं चष्मा लावला.

दोन महिन्यांत भाषा तयार झाली. नाव शंटर. शब्द यार्डातलेच: उचल, ठेव, जोड, काट, पाह्य, जाय, थांब. या शब्दांत लिहिलेलं वाचून मशीनच्या शून्य-एकात उतरवणाराही एक भावनानं बनवला.

"याले कंपायलर म्हणतात, बाबा. चूक असली तर हा काम पुढं जाऊ देत नाही. कुठं चुकलं ते सांगतो."

"वरडतो काय?"

"लिहून वरडतो."

"म्हणजे जमादारच!" गुलाबराव म्हणाला. "मी चौतीस वर्षं कंपायलर होतो, नि मले कोणी सांगितलं नाही!"

मग कंपायलरचं नाव जमादार पडलं. गुलाबरावले इतका आनंद झाला की त्यानं त्या दिवशी सत्यभामेच्या हातची दोडक्याची भाजी मुकाट्यानं खाल्ली.

पण एका जागी दोघांचं वाजलं. भावनाले शंटरमधे घरच्या मोटरचा प्रोग्राम चालवून पाहायचा होता. गुलाबरावनं नियम घातला, की काही हलवायचं असो की थांबवायचं असो, दुसऱ्या माणसाचं 'हव' आल्याशिवाय मशीननं काही करायचं नाही. तसं हव ज्या प्रोग्रामात नसेल तो प्रोग्राम जमादारानं पुढं जाऊच द्यायचा नाही.

"चालू करायले ठीक आहे, बाबा. बंद करायले कशाले हव? टाकी भरली की मोटर आपोआप बंद होऊ द्या ना."

"आपोआप? आपोआप काय होते जगात? दूध उतू जाते आपोआप! बाकी सारं माणूस करते. टाकी भरली की खाली दिवा लागन. खालचा माणूस बटन दाबन. ते त्याचं हव. मंग मोटर बंद."

"खालचा माणूस म्हणजे श्यामकाका?"

"मी नाव घेतलं काय?"

भावनानं फार डोकं लावलं नाही. एकोणतीस वर्षं टण टण चुकलं नव्हतं, मग बटन कशाले चुकेल? तिनं बोर्ड, दिवा आणि बटन ग्रिलच्या आत बसवून घेतलं, टाकीतून एक वायर खाली सोडली, आणि बोर्डापासून दुसरी वर लॅपटॉपपर्यंत आणली. श्यामरावनं काही न बोलता स्टूल धरून दिला. (एवढं तरी केलं. खोटं काहून बोलू?)

एवढ्यात कॉलेजात डिपार्टमेंटच्या नव्या हेड आल्या, इरावती मॅडम. पुण्याच्या. भावनाच्या पर्मनंटचा कागद त्यांच्या टेबलावर. भावनानं अर्जात लिहिलं होतं की चौथी शिकलेला माणूसही या भाषेत मशीनचा प्रोग्राम लिहू शकतो. मॅडमनी खाली पेन्सिलीनं लिहिलं, 'माणूस दाखवा.' म्हणजे जमलं तर नोकरी पक्की, आणि शंटरले कॉलेजात स्वतःची लॅब. नाही जमलं तर जूनमधे नमस्कार. आणि जमवणारा माणूस म्हणजे आपला गुलाबराव.

रविवारी सकाळी मॅडम आल्या. नवे सँडल जिन्याच्या पायथ्याशी काढले, वर आल्या, पोह्यांची बशी हातात घेतली. गुलाबरावनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नोकरीतली शिट्टी गळ्यात अडकवली होती. काहून अडकवली ते त्यालेही सांगता आलं नसतं.

"काका, घाई नाही हं. अगदी सावकाश लिहा," मॅडम म्हणाल्या.

गुलाबराव एका बोटानं लिहून राहिला. एकेक अक्षर शोधायचं, सापडलं की त्यावर झुरळ मारल्यासारखं बोट मारायचं. पण समोर मॅडम बसल्यानं त्याचं अर्धं ध्यान त्यांच्याकडं होतं, आणि टाकी रिकामी आहे की भरलेली ते आधी पाहायची ओळच राहून गेली. त्यानं लॅपटॉपचं बटन दाबलं. पडद्यावर जमादाराचं उत्तर आलं. मॅडमनी चष्मा वर केला आणि शाळेत धडा वाचतात तसं स्वच्छ, मोठ्या आवाजात वाचलं:

"लाइन न पाहताच हिरवी झंडी? श्यामराव हायेस काय?"

सत्यभामेनं खिडकीकडं पाहिलं.

भावनानं केलं काय होतं, की महिनाभर गुलाबराव घरात ज्या ज्या बोलण्यानं वरडतो ते सारं वहीत लिहून जमादाराच्या तोंडी घातलं होतं. गुलाबरावले हे माहीत नव्हतं. त्याले वाटायचं जमादार मोठा समजदार माणूस आहे.

"फारच मजेदार!" मॅडम म्हणाल्या. "हे श्यामराव कोण?"

खिडकी उघडी होती. खालून कोणीतरी खाकरलं.

गुलाबरावनं राहिलेली ओळ टाकली. या वेळी जमादार काही बोलला नाही. प्रोग्राम वायरनं खाली गेला, खालून श्यामरावनं बटन दाबून चालू करायचं हव दिलं, आणि मोटर घुर्र करून सुरू झाली. मॅडमनी टाळी वाजवली. भावनाच्या डोळ्यांत पाणी आलं. टाकी मुद्दामच दोन बोटं रिकामी ठेवली होती, म्हणजे मॅडमले जास्त थांबायले नको. पाच मिनिटांत ती भरली. भावना खिडकीतून वाकून म्हणाली, "खाली दिवा लागला!"

आता बटन. सारे वाट पाहून राहिले. मोटर चालूच.

"श्यामकाका!" भावनानं आवाज दिला. "दिवा लागला ना!"

"दिसून राहिला," खालून आवाज आला. "मी बटनाजवळच बसलो हाओ. सत्यभामा वहिनी, तुमच्या माणसाले विचारा, मशीनच्या तोंडी माझं नाव कोणं घातलं?"

सत्यभामा गुलाबरावले म्हणाली, "ते विचारून राहिले."

"त्याले म्हण, ज्यानं झंडी दाखवली त्याचं नाव राहीन. बटन दाब म्हणा आधी."

"ते म्हणतात, बटन दाबा आधी."

"त्याले म्हणा, आधी कबूल कर. हात वर केला होता का नव्हता?"

"नव्हता!" गुलाबराव वरूनच गरजला.

तेवढ्यात टाकी सांडली. सत्यभामेनं गच्चीवर कोहळ्याच्या बड्या, म्हणजे सांडगे, वाळत घातल्या होत्या. पाण्यानं त्या उचलल्या आणि गच्चीच्या नाळीत नेऊन घट्ट बसवल्या. नाळी बंद झाल्यावर पाण्याले एकच रस्ता उरला, तो म्हणजे जिना. पाणी पायरीपायरीनं उतरून राहिलं, त्याच्यावर उरलेल्या बड्या बदकांसारख्या. खाली पोचून त्या पाण्यानं मॅडमचे नवे सँडल उचलले आणि गल्लीत नेले.

"बाबा, काहीतरी करा!" भावना ओरडली. "मेन स्विच त्यांच्या ग्रिलमधे आहे, आणि त्यांनी आतून कुलूप लावलं!"

गुलाबराव लॅपटॉपवर बसला. एका बोटानं लिहिलं: मोटर थांबव. बटन दाबलं. जमादाराचं उत्तर आलं:

'कोणाले विचारलं? मनाचाच राजा हायेस काय?'

"अरे, पाणी घरात शिरलं!" गुलाबराव लॅपटॉपवर वरडला, आणि पुन्हा तेच लिहिलं.

'एकदा सांगितलेलं समजत नाही काय? कान हायेत का भजे?'

"हा कोण्या बेअकली माणसाचा बोलायचा ढंग हाय?" गुलाबरावनं टेबलावर हात आपटला. "मोठ्या माणसाशी असं बोलतात? कोणं शिकवलं याले?"

सत्यभामा पायानं बड्या गोळा करून राहिली होती. ती मान वर न करता म्हणाली, "आरसा न्हाणीघरात हाय."

गुलाबरावनं बायकोकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं. मुलीनं नजर चुकवली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की महिनाभर आपण ज्याले समजदार म्हणत होतो, तो कोण.

"भावना, याचा तो नियमच काढून टाक."

"अर्धा तास लागेल, बाबा! नियम तुम्ही पार तळाशी घालायले लावला होता!"

इरावती मॅडम साडी गुडघ्यापर्यंत धरून खुर्चीवर उभ्या होत्या. पोह्यांची बशी मात्र हातातून सुटली नव्हती. भावना भिंतीले टेकून उभी राहिली आणि पाळण्यातल्या पोरीसारखा तिचा खालचा ओठ बाहेर आला. गुलाबरावनं तो ओठ पाहिला. पाच वर्षांचे पाच जून त्या ओठावर होते.

गुलाबराव जिन्यात गेला. घोट्याइतक्या पाण्यात उभा राहिला. एकोणतीस वर्षांनी त्यानं सरळ हाक मारली.

"श्याम!"

खाली मोटर घुर्र, घुर्र.

"हव! केला होता हात वर!"

शेजारची खिडकी उघडली. तिच्या शेजारचीही उघडली.

"काहून केला होता?" खालून आवाज आला.

"तुह्या मागं चहावाला चालला होता. त्याले सांगून राहिलो होतो. चहा!"

"दोन बोटं वर होती. मी चौकशीतही सांगितलं होतं, दोन बोटं होती."

"दोनच असन ना बे! दोन चहा! एक माझा..." गुलाबरावनं चष्मा काढून पुसला. (जिन्यात ओल होती. बाकी काही नाही.) "नि एक तुहा."

खालून पाइपवर आवाज आला. टण टण.

आणि मोटर बंद झाली.

मॅडम खुर्चीवरून उतरल्या, ओल्या पदरानं डोळे पुसले. हसून हसून आले की कशानं आले, ते गुलाबरावले समजलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "काका, हे पोहे फार छान आहेत. माझे सँडल कुठे असतील?" ते पुढच्या चौकात, पानठेल्यावर सापडले. पानवाल्यानं सुकायले टांगले होते.

आठ दिवसांनी मॅडमचा रिपोर्ट आला. भावनानं मोठ्यानं वाचून दाखवला: 'भाषा अत्यंत स्पष्ट. कंपायलर निर्दोष, लेखकाने दबाव आणूनही नियम मोडला नाही. प्रोग्राममधील दोष सर्वस्वी लेखकाचा असून त्याच्यात सुधारणा संभवत नाही.' गुलाबरावनं विचारलं, "शेवटचं वाक्य प्रोग्रामबद्दल हाय का लेखकाबद्दल?" भावनानं कागदाची घडी घातली. पण ऑगस्टमधे भावना पर्मनंट झाली. लॅबही मिळाली.

श्यामरावचं नाव भावनानं जमादाराच्या तोंडून काढलं. त्याले तसं वचन दिलं होतं म्हणे. पण कम्प्युटरमधे एक रोग असतो. हा त्याच्यासाठी थांबलेला, तो याच्यासाठी थांबलेला, कोणी पुढं होत नाही आणि सारं काम ठप्प. शंटरमधे असं झालं की आता जमादार लिहितो, 'गुलाबराव झाला.' लॅबमधे पोट्टे हात वर करून ओरडतात, "मॅडम, मेरा फिरसे गुलाबराव हो गया!" पण हा गुलाबराव कोण, हे त्यांना माहीत नाही. म्हणून पुस्तिकेत ही गोष्ट पाहिजे होती. झालं समाधान?

गोष्ट संपली, तेव्हा आता 'मी' म्हणायले हरकत नाही. आमचं बोलणं सुरू झालं, म्हणजे भांडण आता तोंडानं होते. रोज सकाळी चहावाला गल्लीत आला की मी वरून दोन बोटं दाखवतो, आणि श्यामराव खालून म्हणतो, "पाहा, हा हात पाहून आताही कोणी म्हणन, गाडी पुढं घे." आता तुम्हीच सांगा. मी त्याच्यासाठी चहा सांगितला. त्यानं माझ्यावर डबे सोडले, माझ्या डब्याची चपाती केली, चार्जशीट मले खाऊ घातली. माफी कोणी मागायची? सत्यभामेले विचारलं, तर ती म्हणाली, "हव." म्हणून इथं लिहून ठेवतो, छापलं म्हणजे पक्कं होते. ज्यानं माफी मागायची तो या वेळी खाली ग्रिलमधे बसून, बशीत ओतून, फुंकर मारून माझाच चहा पिऊन राहिला आहे. त्याचं नाव श्यामराव.